कोरड्या विहिरीच्या घरचं पाणी

वांगणीचा ढवळू नारळ घेऊन ऑपरेशनच्या खोलीत शिरला, तेव्हा त्याला कोणीही अडवलं नाही. अडवणार कसं? नारळ चादरीखाली होता. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मंगेश टेक्निशियनला वाटलं, म्हाताऱ्याचं पोट सुटलंय. नाचणीच्या भाकरीवर जगलेल्या त्या काटकुळ्या माणसाचं पोट एकाच बाजूला कसं सुटेल, एवढा विचार मंगेशने केला नाही. टेबलावर घेताना त्याने चादर ओढली आणि नारळ धप्पकन खाली पडून गडगडत एक्स-रे मशीनच्या पायाशी जाऊन थांबला.

"हे काय आहे?" मंगेशने विचारलं.

"नारळ," ढवळू म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. उभ्या आयुष्यात तो एकदाच खोटं बोलला होता आणि ते चोवीस वर्षं त्याच्या मानेवर बसून होतं.

आता नारळ कशाला, ते कळायला ढवळू कोण ते कळायला हवं. जव्हार-मोखाड्यात पाऊस असा पडतो की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आणि त्याच गावांतल्या बाया होळीला टँकरमागे हंडे घेऊन पळतात. डोंगर सगळं पाणी खाली सोडून देतात, स्वतःला घोटभर ठेवत नाहीत. अशा मुलखात जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या म्हणजे मोठा माणूस, आणि ढवळू पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अनवाणी चालायचा. जिथे नारळ शेंडी वर करून उभा राहील, तिथे तीन दगड मांडायचा. पावसात भरणाऱ्या विहिरीला तो विहीर म्हणतच नसे. "पावसात काय, चूल पण भरते," म्हणायचा. होळीला जिच्यात पाणी, ती विहीर. साखरशेतपासून मोखाड्यापर्यंत अशा एकतीस विहिरी त्याच्या नावावर होत्या.

पाणाड्याला नियम असतात. ढवळूला ते बापाने शिकवले होते आणि बाप फार कडक होता. पाणी लागलं की काठावरच्या सगळ्यांनी ओरडायचं. पहिला पेला घरधन्याने आपल्या हाताने पाणाड्याला द्यायचा, मग स्वतः प्यायचं. आणि पाणी नाही लागलं, तर पाणाड्याने त्या घरचं पाणी प्यायचं नाही. होळीला त्या विहिरीत पाणी दिसेपर्यंत नाही.

एकतीस घरी ढवळू तांब्या तांब्या पाणी प्यायला. बत्तिसावं घर मोखाड्याचं, देवजी गुरुजींचं. तिथे पंचेचाळीस हात खोदून तळाला निघाला काळा कातळ. तेव्हापासून मोखाड्याच्या बाजाराला गेला की ढवळू गुरुजींची आळी टाळून, पंचायत समितीला वळसा घालून जायचा. एकदा भर उन्हात गुरुजीच समोर आले, बाटली पुढे केली, "पी रे ढवळू, किती घामाघूम झालास." ढवळूची जीभ टाळूला चिकटली होती. "तहान नाय गुरुजी," तो म्हणाला आणि जीपच्या टपावर जाऊन बसला. हेही खरं तर खोटंच, पण हे तो मोजत नसे.

तर या ढवळूची छाती यंदा दिवाळीनंतर दुखायला लागली. वीस पावलं चालला की कोणीतरी उखळ आणून छातीवर ठेवल्यासारखं व्हायचं. जव्हारला एका ट्रस्टने हृदयाचं नवं हॉस्पिटल काढलं होतं. त्याची बायको सुकरी त्याला तिथे घेऊन गेली. मुंबईहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. मनगटातली नस दोऱ्याएवढी निघाली, तिच्यातून हृदयापर्यंत न्यायची नळी जाईना. मग डॉक्टरांनी जांघेत दोन बोटं ठेवली, नसेचे ठोके चाचपले आणि सुई घातली. लागली ती भलतीच फांदी. पुन्हा घातली, तरी नाही. तिसऱ्यांदा ढवळूच ओरडला, तेव्हा थांबले. मांडी गुडघ्यापर्यंत वांग्यासारखी काळीनिळी झाली.

ढवळूला दुखलं त्याचं काही नव्हतं. राग वेगळ्याच गोष्टीचा होता. "चालला नाय, बघितला नाय, दगड मांडला नाय, एकदम खोदायला लागला!" तो वॉर्डभर सांगत होता. "मी असा केला असता तर लोकांनी मना पाणाड्यालाच विहिरीत टाकला असता."

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला तेव्हा समोर नवीन डॉक्टर होती, डॉक्टर मंजुषा. तिशी ओलांडलेली, चष्म्याची, भराभर बोलणारी. कागदावरचं नाव वाचून तिने वर पाहिलं.

"वांगणीचे ढवळू म्हणजे पाणाडे ढवळूकाका ना? ओळखलं नाहीत मला? मी मंजुषा. मोखाड्याच्या देवजी गुरुजींची."

ढवळूच्या तोंडचं पाणी पळालं. विहिरीच्या वेळी ती नऊ वर्षांची होती, दोन वेण्या घालून त्याच्या मागे मागे अंगण फिरली होती. आता तिने एक गोळी पुढे केली आणि पाण्याचा ग्लास. ढवळूने गोळी घेतली आणि ग्लास परत दिला. गोळी तशीच कोरडी गिळली. ती अर्धा तास त्याच्या घशात बसून होती.

"काका, स्पष्ट सांगते," मंजुषा म्हणाली. "तपासण्यांवरून दिसतंय, हृदयाची एक वाहिनी बंद होत आलीय. ती उघडली नाही आणि झटका आला, तर वांगणीहून वावर गावच्या गाडीरस्त्याला येईपर्यंतही वेळ मिळणार नाही. जांघेतूनच जावं लागेल. पण या वेळी मी अंदाजाने सुई घालणार नाही. सोनोग्राफीवर नस डोळ्यांनी बघून घालेन."

"सोनोग्राफी?" सुकरीने डोळे मोठे केले. "म्हाताऱ्याला दिवस गेले काय?"

सगळा वॉर्ड हसला. हसता हसता सुकरीने पदर डोळ्यांना लावला, ते मात्र फक्त ढवळूने पाहिलं. त्याला हसू आलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती. ज्या घराची विहीर त्याने कोरडी घालवली, त्या घरात आता आतलं वाहतं दाखवणारं यंत्र आलं. आणि ते चालणार कुठे, तर खुद्द पाणाड्याच्या अंगावर! त्याने कागदावर सही केली. संध्याकाळी सुकरीला जव्हारच्या बाजारात पाठवून त्याने शेंडीवाला नारळ मागवला.

आणि आता तो नारळ मशीनच्या पायाशी पडला होता.

"आधी माझा नारळ, मग तुझा मशीन," ढवळू मंजुषाला म्हणाला. "नाय तर मी हा चाललो." आणि तो खरंच उठून बसला. हॉस्पिटलचा झगा मागून उघडा असतो हे त्याच्या लक्षात राहिलं नाही.

"मॅडम, इन्फेक्शन होईल! जमिनीवर पडलेला नारळ आहे!" मंगेश कासावीस झाला.

मंजुषाने हातमोज्यांतले हात वर धरून क्षणभर विचार केला. मॉनिटरवर ढवळूचं हृदय धडधडत होतं आणि आकडे काही चांगले नव्हते. वाद घालून ते आणखी बिघडले असते. "मंगेश, नारळ धुऊन घे," ती म्हणाली. "लाल औषधाने. शेंडीसकट. आणि सोनोग्राफीच्या दांडीला आपण जे निर्जंतुक प्लास्टिक घालतो ना, तसंच एक नारळाला घाल."

मंगेशने आठ वर्षं नोकरी केली होती, पण नारळाला झगा घालायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्याने तो घातला, वरून रबरही लावलं. मग ढवळूच्या हातात मोजा आणि मोज्यावर नारळ.

ढवळूने डोळे मिटले. उताणं पडून पाणी शोधायची त्याचीही ही पहिलीच वेळ. त्याने उजव्या मांडीवरून हात फिरवला. नारळ आडवाच. गुडघ्याकडे नेला, पोटाकडे आणला, डाव्या मांडीवर नेला. नारळ गाढ झोपलेला. मशीन टिकटिक करत होतं. त्याने हात बाहेर, टेबलाच्या कडेपलीकडे नेला आणि नारळ हलला. प्लास्टिक सळसळलं, शेंडी हळूहळू वर आली आणि नारळ ताठ उभा राहिला.

"इथं!" ढवळू ओरडला.

सगळ्यांनी पाहिलं. नारळाच्या बरोब्बर वर सलाईनची बाटली लटकत होती.

"काका, ते सलाईन आहे," मंजुषा म्हणाली.

"मग? त्यात पाणी नाय काय?"

मंजुषाने मंगेशकडे पाहिलं. मंगेशने बाटलीवरचं लेबल वाचलं आणि पाणीच आहे, थोडं मीठ घातलेलं, असं कबूल केलं. ढवळूला मनातून बरं वाटलं. नारळ खोटा पडला नव्हता. "हा पाण्याचा आहे," तो नारळ परत देत मंजुषाला म्हणाला. "रक्ताचा काम त्याला नाय जमत. घे, लाव तुझा मशीन. पण मना दिसला पाहिजे."

मंजुषाने पडदा त्याच्याकडे वळवला. जांघेवर थंडगार चिकट काहीतरी लागलं, त्यावर दांडी टेकली आणि पडद्यावर करड्या मातीसारखं काहीतरी दिसू लागलं. त्यात शेजारीशेजारी दोन काळी भोकं. एकतीस विहिरींच्या काठावरून वाकून पाहिलेल्या ढवळूला ती लगेच ओळखीची वाटली.

"दोन?" तो म्हणाला.

"दोन. आता बघा." तिने दांडी किंचित दाबली. एक भोक चपटं होऊन मिटलं. दुसरं मिटलं नाही, उलट ठक ठक उडत राहिलं. "दाबलं की मिटते ती शीर, हृदयाकडे परत जाणारी. मिटत नाही, उडत राहते ती धमनी. आपल्याला हीच हवी."

ढवळूने मान उचलली. त्याने जन्मभर जमिनीवर पाय दाबला, पण खाली काय मिटतं आणि काय उडतं ते त्याला कधी दिसलं नव्हतं. नारळ उभा राहायचा, तो दगड मांडायचा, आणि खोदणाऱ्यांची कुदळ ओल्या मातीला लागेपर्यंत तो काठावरून हलायचा नाही. ही पोरगी आधीच बघत होती. त्याला तिचा हेवा वाटला, अगदी उघड, दात शिवशिवण्याइतका हेवा वाटला.

तिने दांडी खाली सरकवली. काळ्या भोकाची दोन भोकं झाली. "इथे फाटा फुटतो. तुमचा फाटा नेहमीपेक्षा बराच वर आहे. म्हणून मागच्या वेळी बोटांना ठोके लागले, पण सुई फांदीत गेली. आपण फाट्याच्या वर घालायची. आणि ही खाली पांढरी कमान दिसते ते हाड. त्याच्यावर नस दाबून धरली की नंतर रक्त थांबतं."

"फाट्याच्या वर, खाली कातळ," ढवळू पुटपुटला. "बरोबर आहे. मी पण तिथंच दगड मांडला असता."

भूल दिलेल्या जागेवर सुई शिरली. पडद्यावर तिचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकलं, सरळ खाली उतरलं, काळ्या भोकाच्या छपरावर टेकलं. छप्पर वाकलं आणि सुटलं. सुईतून लालभडक रक्त उसळून आलं. पहिल्याच घावाला.

"लागला रे लागला!" ढवळू सगळी ताकद लावून ओरडला.

मंगेशच्या हातातला ट्रे पडला. बाहेर बसलेली सुकरी म्हातारा गेला असं समजून दारावर धडकली. मॉनिटरने वेगळाच आवाज काढला. एकट्या मंजुषाचा हात हलला नाही, पण मास्कमागे ती हसत होती. तिच्या घरच्या विहिरीच्या काठावर हीच आरोळी ऐकायला सगळी आळी जमली होती आणि ती कोणी दिलीच नव्हती.

पुढचं काम पाऊण तासात झालं. नसेतून नळी हृदयापर्यंत गेली, रंग सोडला, बंद जागा सापडली, तिथे स्टेंट बसला. ढवळूच्या छातीवरचं उखळ कोणीतरी उचलून नेलं. मंगेशने जांघ पंचवीस मिनिटं दाबून धरली आणि ढवळूला वॉर्डात आणलं. सहा तास पाय सरळ, हलवायचा नाही. आणि पाणी भरपूर प्यायचं.

इथे पुन्हा अडलं.

"नको," ढवळू म्हणाला.

हृदयात सोडलेला तो रंग लघवीवाटे बाहेर पडायला हवा. नाही पडला तर मूत्रपिंडं बसतात, आणि ढवळूची आधीच जेमतेम होती. हृदय दमलेलं असल्यामुळे शिरेतून फार सलाईनही चढवता येत नव्हतं. हे मंगेशने त्याला तीनदा समजावलं. ढवळूने तीनदा ऐकून घेतलं आणि तोंड मिटलं.

"अरं, डॉक्टरीणबायच्या हातचा नको तर माझ्या हातचा पी!" सुकरी म्हणाली.

"तुला कुणी सांगितला पाजायला?"

"तिनंच."

"मग तो तिच्याच घरचा."

मंगेशने कूलरचं आणलं. कूलर कोणाच्या हुकमाने चालतो? मंगेशने स्वतःच्या डब्याबरोबरची बाटली आणली. मंगेश कोणाच्या हाताखाली काम करतो? सुकरीने कपाळावर हात मारला. "जिवंत काढला तुला पोरीनं, आणि आथा पाण्यावाचून मरतोस? बापाचा नियम! तुझा बाप काय येतो काय बघाय?" ढवळू छताकडे बघत राहिला. ओठ फुटले होते, मूत्राची पिशवी रिकामी होती आणि दुपारचे चार वाजले होते. त्याला मरायचं मुळीच नव्हतं. पण एकतीस घरांत नियम पाळून बत्तिसाव्याला मोडला, तर आपण पाणाड्या होतो असं म्हणायचं कशाच्या जिवावर?

चार वाजून गेल्यावर मंजुषा आली. तिने रिकामी पिशवी पाहिली, सुकरीचं सगळं ऐकून घेतलं आणि खाटेच्या कडेला उभी राहिली.

"ढवळूकाका, आज कुठे खोदायचं ते कोणी दाखवलं?"

"तू."

"कितव्या घावाला लागलं?"

"पहिल्या."

"मग आज पाणाड्या कोण?"

ढवळूने तिच्याकडे नीट पाहिलं. "तूच," तो सावकाश म्हणाला.

"आणि जमीन कोणाची?"

त्याने आपल्या मांडीकडे पाहिलं. वादच नव्हता. "माझी."

"म्हणजे घरधनी तुम्ही. मग माझा पहिला पेला कुठे आहे? सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतलेला नाही."

ढवळूने नियम सगळ्या बाजूंनी तपासला. कुठे पळवाट आहे का पाहिलं. बापाने ठेवलेली नव्हती. त्याने सुकरीकडून पेला घेतला आणि पडल्या पडल्या, पाय न हलवता, हात लांब करून मंजुषाला दिला. तिने तो उभ्याने रिकामा केला आणि उलटा करून दाखवला.

"आता घरधनी," ती म्हणाली.

ढवळू प्यायला. पहिला पेला गेला कुठे ते कळलंच नाही. दुसरा गेला. तिसरा अर्ध्यावर आला तेव्हा तो थांबला. पेला त्याने सुकरीकडे दिला.

"बाय, एक सांगतो. तुमच्या अंगणात नारळ उभा नव्हता राहिला. सगळा फिरलो, कुठंच नाय. पण गुरुजींनी मना आधी खुर्ची दिली. कपबशीत चहा दिला. त्याच्या आधी मना कुणी खुर्चीवर नव्हता बसवला. उठून तोंडावर 'नाय' कसा बोलू? मी अंगठ्यानं उभा केला."

सुकरीने पेला खाली ठेवला. तिलाही हे चोवीस वर्षांत माहीत नव्हतं.

"ठाऊक आहे," मंजुषा म्हणाली.

"काय?"

"बाबांनी तेव्हाच अंगठा पाहिला होता."

"मग खोदली कशाला?" ढवळू जवळजवळ ओरडलाच. "पंचेचाळीस हात! कातळ!"

"आई अजून हेच विचारते. बाबा म्हणतात, आपण बोलावलेला माणूस, आपणच खुर्चीवर बसवलेला. त्याला खोटा कसं म्हणायचं?"

ढवळूचं पोट हसण्याने हलायला लागलं. एकाला नाही म्हणवेना, दुसऱ्याला खोटं म्हणवेना, आणि दोघांनी मिळून मोखाड्याच्या डोंगरात काळ्या दगडाचं एवढं मोठं भोक पाडलं. तो हसत सुटला. "पाय! पाय हलवू नका!" मंगेश धावत आला. हसता हसता ढवळूच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांत गेलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही. सुकरीने पदराने त्याचे डोळे पुसले. त्यानेही पुसू दिले.

"गुरुजी आहेत कुठं?" त्याने विचारलं.

"बाहेरच्या बाकावर. सकाळी पहिल्या जीपने आलेत. मोखाड्याहून तांब्या भरून आणलाय. पण तुम्हाला आमच्या घरचं चालत नाही म्हणून आत येत नाहीत."

मंजुषा त्यांना बोलवायला वळली, तेवढ्यात ढवळूने तिला थांबवलं. वॉर्डात नजर फिरवली. पाहुण्यांना बसायला तिथे काहीच नव्हतं.

"सुकरे," तो म्हणाला, "आधी खुर्ची आण."